पॉ सेच्या नावचा तांदूळ

सैन्याच्या भीतीने नदी ओलांडून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत तांदळासाठी बोटाचा ठसा देताना सेर वाने गाव खरं सांगितलं. नाव मात्र सांगितलं मेलेल्या बहिणीचं, पॉ सेचं. सैन्य मेलेल्या माणसाचं काय वाकडं करणार?

"माहिती या खोलीबाहेर जाणार नाही हं, ताई," तांदूळ वाटणाऱ्या संस्थेची मुलगी म्हणाली.

पावसाळा सरता सरता नदीपलीकडच्या गावातून आईचा फोन आला.

"सैनिक आले होते गं. पॉ से कुठंय म्हणाले. मी थडगं दाखवलं, तर हसले. 'म्हातारे, वेडं समजतेस? तुझी पोरगी पलीकडे तांदूळ खातेय!'"

सेर वाने तांदळाच्या कार्डावरचं पॉ सेचं नाव पाहिलं.

"म्हणजे त्या जळक्या घरातून आपण काढली ती दुसरीच कुणी होती, हो ना?" आई रडता रडता हसली. "दे ना तिला फोन."