कॅसेटींची वाटणी

"छे, यात काही मजा नाही," नवरा चौथ्यांदा पुटपुटला, तशी भाजी निवडणाऱ्या बायकोने चष्म्यावरून पाहिलं. लहानपणीच्या घरगुती कॉम्प्युटरची हुबेहूब नवी प्रतिकृती त्याने हौसेने मागवली होती. तीच रबरी बटणं, आणि जुने सगळे गेम आतच भरलेले.

खरा कॉम्प्युटर माळ्यावर होता. घराच्या वाटणीत दोघे भाऊ असे इरेला पेटले, की कॉम्प्युटर थोरल्याने, म्हणजे याने उचलला आणि गेमच्या कॅसेटी धाकट्याने. एकाशिवाय दुसरं चालेना. अकरा वर्षं दोघांचं खेळणंही बंद, बोलणंही. "एकदा फोन करून कॅसेटी मागून घेतो," असं मात्र हा दर सुट्टीला म्हणायचा.

"सगळे गेम घरबसल्या मिळाले, मग तोंड का उतरलंय?"

"आवाज बरोबर नाही गं याचा."

तिने हात पुसले आणि त्याचा फोन त्या रबरी बटणांवर आणून ठेवला.

"कॅसेटींचं निमित्त संपलं तुमचं. आता भावजींना फोन करायचा, तर आठवण येते म्हणूनच करावा लागेल."