मंगळवारची प्रत

फुली लाल होती आणि करंगळीच्या नखाच्या पाव हिश्श्याएवढी. ऑफिसच्या सामायिक ड्राइव्हच्या चित्रावर, डाव्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात. संगणक सुरू केला की ती दिसायचीच. दोनदा क्लिक केलं की मुख्य संगणकावरचा तो सगळ्यांचा ड्राइव्ह उघडायचा, आणि पाचही जणांना तेवढं पुरे होतं.

"जन्मखूण आहे ती," पत्रव्यवहार बघणाऱ्या काकू म्हणायच्या. "जन्मखुणेवर कुणी औषध लावतं का?"

सोमवारी सकाळी दहा वाजता काकूंनीच मान वर केली. "काय गं, शनिवारचं पत्र ड्राइव्हवर ठेवलं म्हणालीस ना? माझ्याकडे तर दिसत नाही."

नकाशे काढणारीचे हात कीबोर्डवर थांबले. पत्राची तिला काळजी नव्हती.

गुरुवारी तिने एक नकाशा दुरुस्त केला होता. तिसऱ्या मजल्याची गॅलरी, भिंतीतून चार फूट पुढे आलेली, खाली खांब नसलेली. अशा गॅलरीचा भार काँक्रीटमधल्या वरच्या बाजूच्या लोखंडी सळया तोलतात; त्या खाली घातल्या तर गॅलरी कोसळू शकते. मंगळवारी तिने त्या खालच्या बाजूला दाखवल्या होत्या. नव्याने शिकणारीनेही करू नये अशी चूक, आणि तिला या टेबलाशी नऊ वर्षं झालेली. लक्षात आल्यावर कुणाला न सांगता तिने सळया वर घेतल्या, फाइल ड्राइव्हवर ठेवली आणि मगच डबा उघडला. शुक्रवारी काकूंनी आपल्या संगणकावरून तो नकाशा छापला. तिचं काम म्हणून साहेबांनी फारसं न बघता सही केली. कागद साइटवर गेला. आज अकरा वाजता स्लॅब ओतायचा होता. शनिवारचं पत्र ड्राइव्हवर पोचलं नसेल, तर गुरुवारचा नकाशा तरी पोचला होता का?

काकूंच्या खुर्चीत बसून फाइलची तारीख बघायला अर्धं मिनिट पुरलं असतं. पण काकूंनी विचारलं असतं, काय शोधतेस? तिने नेटवर्कवाल्याला फोन लावला. तो याच इमारतीत वर काम करत होता. दहा मिनिटांत आला.

"मुख्य संगणक जागा आहे," काळ्या खिडकीतल्या चार ओळी वाचत तो म्हणाला. "हाक मारली की ओ देतोय. म्हणजे वायर ठीक आहे. मग तुम्हालाच घरात का घेत नाही?"

"जरा लवकर बघा ना."

"बघतोय, ताई. आज घोड्यावर बसून आलात वाटतं."

तिचा फोन वाजला. साइटवरचा मुकादम होता. "ताई, काँक्रीटची गाडी नाक्यावर आलीय. साहेबांना सांगा, अकराच्या ठोक्याला ओतायला घेतो."

एकच प्रश्न विचारायचा होता. सळया वर बांधल्यात की खाली? तो तिने विचारला नाही. "सांगते," ती म्हणाली, आणि तिने फोन ठेवला.  

"हां, सापडलं." नेटवर्कवाला खुर्चीत मागे रेलला. "गुरुवारी मी मुख्य संगणकाचा पासवर्ड बदलला, आठवतंय? बाकी सगळ्यांकडे नवा टाकला. तुमच्याकडे आलो, तर तुम्ही स्क्रीन अशी तिरकी केलीत आणि म्हणालात, माझं नंतर करा."

आठवत होतं. स्क्रीनवर तेव्हा गॅलरी होती, आणि सळया अर्ध्या खाली, अर्ध्या वर.

"मग तुम्ही विसरलात, मीही विसरलो. तेव्हापासून तुमचा हा संगणक बिचारा जुना पासवर्ड घेऊन दारात उभा. आत जाता येईना, म्हणून तुम्हाला स्वतःजवळची प्रत दाखवतोय. नाव तेच, फोल्डर तेच, कळायचं कसं? तुम्ही ठेवलेलं सगळं इथेच आहे. पलीकडे काही गेलेलं नाही."

"काहीच नाही?"

"कागदाचा कपटासुद्धा नाही."

त्याने नवा पासवर्ड टाकला. फुली गेली. तिच्या जागी एक चौकट उघडली. एकच नाव, दोन तारखा.

"हे बघा, एका नकाशाच्या दोन प्रती झाल्यात. इथली गुरुवारची, तिथली मंगळवारची. जुनीवर नवी टाकून देऊ? मंगळवारची होती हे कुणाला कळणारही नाही."

भिंतीवरच्या घड्याळात अकराला सात कमी होते. ती गॅलरी तिला दिसली. रंग दिलेली, कठड्यावर कपडे वाळत घातलेले, आणि कठड्याला रेलून खाली कुणाला तरी हाक मारणारं कुणीतरी.

"नको," ती म्हणाली. "दोन्ही राहू द्या."

तिने मुकादमाला फोन लावला. मागे काँक्रीटच्या गाडीचं पिंप घरघरत होतं.

"गॅलरीच्या सळया कुठल्या बाजूला बांधल्यात?"

"कागदात दाखवल्यात तिथेच, ताई. खरं सांगू का? मला जरा विचित्रच वाटलं होतं. पण म्हटलं, ताईंच्या हातचा नकाशा, त्यात आपण कशाला शहाणपणा करायचा!"

केबिनचं दार उघडं होतं. साहेब साइटवर जायला निघाले होते, हातात हेल्मेट होतं. काकूंचं टायपिंग थांबलं होतं. ती उठून उभी राहिली. आवाज तिला वाटला होता त्याहून मोठा निघाला.

"ओतू नका. गाडी परत पाठवा. सळया खाली आहेत, त्या वर हव्यात. चूक माझी आहे, आणि मला गुरुवारपासून माहीत आहे."