कुपवाडची इस्त्री

लालासाहेबांच्या दुकानापुढं कस्टमची जीप थांबली तेव्हा शालूबाई पिशवी उचलून पायरी उतरत होत्या. पिशवीत त्यांच्या कारखान्यातल्या दोन विजेच्या इस्त्र्या होत्या. लालासाहेबांनी त्या नुकत्याच, चार गिऱ्हाइकांदेखत, परत केल्या होत्या.

"बाई, सांगलीत आता फॉरेनशिवाय इस्त्री खपत न्हाई. देशी मालाला लोक भित्यात. झटका बसतो म्हणं."

"आमच्या इस्त्रीचा कुणाला बसला?"

"बसला नसंल. पर भ्या हाय ना."

शालूबाईंचे यजमान नानासो लष्कराच्या वर्कशॉपात होते. पेन्शनीत निघाल्यावर त्यांनी सांगलीजवळ कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत पत्र्याची शेड उभी केली आणि धंदा जरा मार्गी लागतोय तोवर गेले. भाऊबंद म्हणाले, शेड विका, ऊस लावा, हे बाईमाणसाचं काम नव्हे. शालूबाईंनी शेड चालू ठेवली. माल चोख होता. पण कुपवाडचं नाव वाचलं की गिऱ्हाईक तोंड वाकडं करायचं.

जीपमधून साहेब उतरले, मागून शिपाई. आणीबाणीचे दिवस होते. परदेशी माल आणायला बंदी होती, म्हणून तर त्याचा एवढा तोरा. आणि तो चोरून विकणारे भलेभले आत गेले होते. शिपायांनी माळ्यावरची खोकी खाली ओढली. आतून चकचकीत इस्त्र्या निघाल्या. प्रत्येकीच्या मुठीवर परदेशी कंपनीचं नाव.

"पावती दाखवा," साहेब म्हणाले.

लालासाहेब गल्ल्यातले कागद उगाच चाळत राहिले.

"म्हणजे जकात नाही, तपासणी नाही. उद्या एखादी बाई विजेला चिकटून मेली तर जबाबदार कोण? बसा जीपमध्ये."

लालासाहेबांची नजर भिरभिरली आणि शालूबाईंवर येऊन थांबली.

"साहेब, ह्या फॉरेनच्या न्हाईतच! ह्या कुपवाडच्या. ह्या बाई बनवत्यात. नुसता ठसा फॉरेनचा!"

जमलेली गर्दी हसली. साहेबही हसले. शालूबाई हसल्या नाहीत. त्या पुन्हा पायरी चढून आल्या.

"खरं आहे का हो, बाई?"

शालूबाईंनी खोक्यातली एक इस्त्री उचलली, उलटी केली, सुलटी केली. मग लालासाहेबांकडं पाहिलं.

"जरा मोठ्यानं सांगा, लालासाहेब. मागच्यांना ऐकू गेलं न्हाई."

"कुपवाडच्या हाईत!" लालासाहेब ओरडले. "शालूबाईंच्या कारखान्यातल्या! अस्सल देशी!"

"ऐकलंत न्हवं, साहेब? त्यांच्याच तोंडून निघालं ते बरं झालं."

साहेबांनी पिशवीतली इस्त्री मागून घेतली. "पण ही तर वेगळी दिसते."

"ही स्वस्तातली."

"आणि ठसा परक्याचा कशाला?"

"आमचं नाव बघितलं की हे माल परत करत्यात. आत्ताच केला. इचारा ह्या गिऱ्हाइकांना."

गिऱ्हाइकांनी माना डोलावल्या.

"ठीक. एक उघडून दाखवा."

"भर पेठेत? उद्या गल्लोगल्ली अशीच इस्त्री निघंल, साहेब."

साहेबांनी थोडा विचार केला. "मग चालवून बघू. पण झटका बसला किंवा कापड जळलं, तर देशी असली तरी माल जप्त आणि तुम्ही दोघंही जीपमध्ये. कबूल?"

शालूबाईंच्या तळहाताला घाम आला. त्यांनी तो पदराला पुसला.

"कबूल."

साहेबांनी बोलावणं धाडलं, तसे विश्रामबागच्या कॉलेजातले विजेचे प्राध्यापक मीटर घेऊन आले. पायरीवर टेबल मांडलं, पांढरं धोतर अंथरलं, वर इस्त्री ठेवली आणि बटण दाबलं. गर्दी रस्त्यापर्यंत गेली. इस्त्री तापू लागली. धोतरातून आता धूर निघणार म्हणून पुढचे लोक मागं सरकले. लालासाहेबांनी डोळेच मिटून घेतले. शालूबाई मात्र इस्त्रीवरून नजर हलवेनात.

टक् असा बारीक आवाज झाला. मुठीवरचा दिवा विझला.

प्राध्यापकांनी मीटर लावलं, मग मूठ धरली, शेवटी इस्त्री उचलून धोतर उलगडलं. पांढरंशुभ्र.

"वीज कुठंच बाहेर येत नाही," ते म्हणाले. "आणि तापली की आपली आपण बंद होते. देशी इस्त्रीत अशी सोय मी पहिल्यांदा बघतोय."

पेठेत टाळ्या वाजल्या. कुणीतरी शिट्टी घातली. साहेबांनी टोपी काढून हातात घेतली.

"बाई, परदेशी मालावर बंदी कशाला, असं लोक आम्हाला विचारतात. आता तुमचं नाव सांगत जाईन." मग ते लालासाहेबांकडं वळले. "खोटे ठसे सगळे काढायचे. आत्ता, माझ्यासमोर."

लालासाहेब पायरीवर मांडी घालून बसले आणि कानस घेऊन एकेक नाव खरवडू लागले. भोवती बायकांनी गलका केला. "मला कुपवाडचीच द्या!" अंबूबाई मास्तरीण सगळ्यांत पुढं होत्या. दोन तास आधी त्यांनीच फॉरेनची मागितली होती.

जीप गेल्यावर लालासाहेब हात जोडून उभे राहिले. "बाई, तुमी आज..."

"बोलू नका. दुकानावर कुपवाडची पाटी लावा. माल मी पाठवीन, आन् तो परत यायचा न्हाई."

"न्हाई येणार, बाई."

"ह्यातली एक मी घिऊन जाते."

कुपवाडला त्यांच्या आधी बातमी पोचली होती. कामावरच्या पोरांनी शेडच्या दाराला आंब्याचा डहाळा बांधला होता. नानासोंच्या वेळेपासूनचा मिस्त्री धुळा, मूळचा आटपाडीकडचा, हातात नारळ घेऊन दारात उभा होता. तो फोडला, खोबरं वाटलं, सगळ्यांनी बाईंच्या नावाचा पुकारा केला. शालूबाई मनापासून हसल्या. नानासो गेल्यावर अशा त्या पहिल्यांदाच हसत होत्या.

मग त्यांनी शेडचं दार लोटून घेतलं, लालासाहेबांकडून आणलेली इस्त्री टेबलावर ठेवली आणि धुळाच्या हातात पाना दिला.

"दमानं उघड रं. आत काय काय हाय ते बघून आपल्याला अशीच करायची हाय. फॉरेनची इस्त्री मी बी आज पयल्यांदाच हातात धरली."