पाचवं उत्तर

"पाचव्याचं काय आलं?" मुसाभाईंनी विचारलं.

"नाहीच," तूबा म्हणाली. "सकाळी कळवलं त्यांनी."

"नीट वाचलंस?"

"वाचलं, अब्बा."

कागदावरच्या चार विद्यापीठांवर आधीच रेघ होती. तूबाने पाचव्यावरही मारली. मुसाभाई खुर्चीत मान मागे टाकून तिच्याकडे बघत राहिले. खालून मिरकरवाडा बंदराकडे बर्फाची गाडी खडखडत गेली.

"मग पुढच्या वर्षी," ते म्हणाले. "घे कागद."

त्यांची सत्तावीस वर्षं कुवेतच्या एका शिपिंग ऑफिसात फॉर्म भरण्यात गेली होती. आता उजवा हात मांडीवर पडून असायचा. डाव्या हाताने ते तूबाच्या लॅपटॉपवर पेपर तेवढा वाचत. लिहायचं काम तूबाचं.

"पहिलं गणित. चौघांनी तिथंच बोट ठेवलंय. जुलैपर्यंत तो ऑनलाइन कोर्स संपव."

"संपवते."

"हरिश्चंद्र सरांचं शिफारसपत्र नवं घ्यायचं. जुनं चालायचं नाही."

"बरं."

"आणि तुझी फुफी जुलैअखेर येतेय बुरोंडीहून. राहायलाच."

तूबाने पेन थांबवलं. "तिला कशाला त्रास?"

"तू अभ्यासाला बसणार. मला जेवायला कोण घालील? आणि ती तरी तिथं एकटी काय करते? लिही, बाय."

तिने लिहिलं. असे तक्ते तिला पाठ झाले होते. पहिला अब्बांनी स्वतः आखला होता, ती रत्नागिरीत बी.ए.ला गेली तेव्हा. अर्थशास्त्र घ्यायचं, तिसऱ्या वर्षी एक सत्र परदेशात, मग एम.ए., मग पीएच.डी. त्यातलं परदेशातलं सत्र झालं होतं. स्कॉलरशिपवर ती जर्मनीला गेली आणि तिसऱ्या महिन्यात अब्बा न्हाणीत पडले. घरात दुसरं कुणी नव्हतं. अम्मी जाऊन सात वर्षं झाली होती. सकाळी पडलेला माणूस शेजाऱ्यांना दुपार टळल्यावर सापडला. सहा तास.

तूबा धावत परत आली तेव्हा ते तिला बघून हसले होते. अर्ध्याच तोंडाने. त्याला आता अडीच वर्षं झाली. एम.ए. ती इथूनच करत होती, आता शेवटची परीक्षा चालू होती. अर्ज भरले तेही अब्बांचं मन मोडवेना म्हणून.

जानेवारीपर्यंतचा तक्ता झाला आणि मुसाभाईंचे डोळे मिटले. तूबाने त्यांच्या पायांवर चादर ओढली आणि लॅपटॉप घेऊन पडवीत बसली. पाठ दुखत होती. उन्हं कलली होती.

चार नकार खरे होते. पाचवं पत्र होकाराचं होतं.

ते येऊन अठरा दिवस झाले होते. परदेशात पीएच.डी.ची जागा, पाच वर्षांची फी माफ, वर राहण्याखाण्याचा खर्च. ते वाचून तिला आनंद झाला नव्हता, नुसता थकवा आला होता. तिने कुणालाच सांगितलं नव्हतं, हरिश्चंद्र सरांनाही. उत्तर द्यायची मुदत आज संपत होती, पंधरा एप्रिलला. गप्प बसूनही जागा गेलीच असती, पण तिला ते बरं दिसेना. वेळेत नाही म्हटलं तर दुसऱ्या कुणाचं तरी काम होईल.

नकाराची चार वाक्यं तिने मनात जुळवून ठेवली होती. घरच्या अडचणीमुळे. मनापासून आभार. तिने विद्यापीठाचं पान उघडलं आणि 'नकार' लिहिलेलं बटण शोधू लागली. ते तिथं नव्हतं.

त्या जागी लिहिलं होतं, की तिचा होकार नऊ एप्रिलला दुपारी मिळाला आहे आणि ऑगस्टमध्ये सगळे तिची वाट बघतील. नऊ तारखेला दुपारभर ती कॉलेजात परीक्षा देत होती.

खाली, निरोपाच्या चौकटीत, साध्या इंग्रजीत दोन ओळी होत्या: 'यानंतर मुलीकडून नकार आल्यास कृपया दुर्लक्ष करावे. मुसा, तिचे वडील.'