जुन्या पोस्टातली डाक

बर्मिंगहॅमजवळच्या त्या खेड्यात खाटिकाचं दुकान, बेकरी, पोस्ट, एकेक करत सगळ्यांचीच घरं झाली होती. पोस्ट सुयशने घेतलं. दारातली पत्रं टाकायची पितळी फट तशीच राहिली.

वाईहून आलेले त्याचे वडील, निवृत्त पोस्टमास्तर मुरलीधरपंत, रोज सकाळी फिरायला जात. कुठे, ते सुयशला आज सुट्टीमुळे कळलं. समोरच्या मिसेस हॅडली बहुधा अजूनही पोस्टच समजून फटीतून पत्र टाकत आणि बाबा ते दोन मैलांवरच्या पेटीत टाकून येत.

"बाबा, लोकांची पत्रं आहेत ती. कुणी तक्रार केली तर? तुम्ही व्हिजिटर व्हिसावर आहात."

"तिकीट लावलेलं पत्र पोस्टात मुक्कामाला ठेवायचं नसतं."

आजचं पत्र घेऊन सुयश समोर गेला. पोस्ट बंद होऊन अकरा वर्षं झाली, हे त्याने म्हाताऱ्या बाईंना जमेल तितक्या हळुवारपणे सांगितलं.

"ठाऊक आहे. माझ्यासमोरच कुलूप लागलं," त्या म्हणाल्या. "पण पेटीपर्यंत मला चालवत नाही. तुझे पोस्टमास्तर वडील आल्यावर एक पत्र टाकून पाहिलं. आठवड्यात बहिणीचं उत्तर आलं. काल मी सगळ्या शेजाऱ्यांना सांगितलं."

सुयशचा जीव भांड्यात पडला. पत्र तसंच हातात घेऊन तो परतला तेव्हा बाबा बूट घालून दारात उभे होते, हातात आणखी चार पत्रं.

"ते पण दे इकडे," ते म्हणाले. "नऊची डाक चुकेल."