दर्शनी बाजू

"भावाचं तोंडही बघायचं नाही मला," असं म्हणतच गिऱ्हाईक वर्कशॉपमध्ये शिरलं. दोन घरांमधल्या अंगणाची वाटणी झाली होती आणि मधे लोखंडी कुंपण हवं होतं. वेल्डरने अशी भांडणं ढिगाने पाहिली होती.

"मग सरळ पत्रा ठोकू. तोंडच काय, सावलीही दिसणार नाही."

"पत्रा नको. नक्षीचंच हवं."

आणि मग या बाबाने जे नखरे सुरू केले! भाल्यांची टोकं म्हणे अंगावर येतात, नुसते उभे गज तुरुंगासारखे वाटतात. अर्धी दुपार खाऊन शेवटी पानाफुलांची वेल पसंत पडली, तीही वर दोन चिमण्या बसवायच्या अटीवर. भांडणाच्या कुंपणाचे एवढे लाड बघून वेल्डरला हसू आवरेना.

"नक्षी एकाच अंगाने उठून दिसते, मागून नुसते वेल्डिंगचे डाग. दर्शनी बाजू तुमच्याकडे ठेवतो."

"नको. त्याच्याकडे ठेवा."

वेल्डरने हातातला खडू खाली ठेवला. "अहो, खर्च तुमचा आणि शोभा त्याला?"

"आई त्याच्या वाटणीला गेलीय," गिऱ्हाईक म्हणालं. "दिवसभर तिकडच्या खिडकीत बसून असते."