काविळीची माळ

मुलांनो, लालबागच्या चाळीतली एक खोली डोळ्यांसमोर आणा. झोळीत नलूचा तान्हा भाऊ आहे. त्याच्या डोळ्यांतलं पांढरंसुद्धा पिवळं झालंय. परळच्या डॉक्टरांनी त्याचं पोट उघडलं आणि तसंच शिवून टाकलं. म्हणाले, "पित्त वाहून न्यायची नळीच तयार झालेली नाही. ह्याला अजून कुठेच इलाज नाही."

मग शेजारच्या मालनकाकूंनी बाळाच्या डोक्यावर काविळीची माळ ठेवली, औषधी काड्या दोऱ्याच्या गाठींनी बांधून केलेली. ती वाढत वाढत पायांपर्यंत उतरली, की कावीळ गेली म्हणायची.

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात ओरडून घसा बसलेले बाबा रोज दारातूनच हळू विचारायचे, "उतरली का गं?" माळ कपाळावरच असायची.

त्या संध्याकाळी नलूने पाहिलं, तर आई माळेच्या गाठी सैल करून ती बाळाच्या गळ्यापर्यंत ओढत होती. दोघींची नजरानजर झाली. तेवढ्यात बाबा आले.

"उतरली का गं?"

आईने माळेवरचा हात काढून घेतला. नलूने बाबांचा हात धरला, त्यांना झोळीपाशी नेलं आणि म्हणाली, "गळ्यापर्यंत आली, बाबा! मी बघतच होते. आपोआप उतरली."